टिटवीची पाठवणी

शनिवार, २७ डिसेंबर २०२५
तांडा, कामरगावजवळ

माझा मुलगा नवीन याने काल जेवताना आपल्या साडूला सांगितले की, ‘बापूनं ताईले घरातून हाकललं.’ हे विधान वस्तुस्थितीस धरून नाही. मी घास गिळेपर्यंत संभाषण सोयाबीनच्या भावावर गेले होते, म्हणून दुरुस्ती येथे नोंदवतो.

माझी मुलगी रंजीता हिला मी हाकलले नाही. ती नोकरीनिमित्त वाशीमला राहत होती. तेथे तिने अश्वजितशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्यानंतर मला फोन केला. मी इतकेच म्हणालो की, आधी कळवायचे असते आणि मग करायचे असते. क्रम उलटा झाल्यावर कळवण्यास अर्थ उरत नाही. एवढे बोलून मी फोन ठेवला. जी व्यक्ती त्या वेळी घरात नव्हतीच, तिला घरातून हाकलणे शक्य नाही. त्यानंतर ती आली नाही, मीही बोलावले नाही. पण न बोलावणे आणि हाकलणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

जात हा मुद्दा कधीच नव्हता. अश्वजित कामरगावच्या बौद्ध वस्तीतला, माझाच विद्यार्थी. व्याकरणात त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि माझ्याकडून तसे गुण घेणारे फार नाहीत. आक्षेप केवळ क्रमाला होता.

हा मजकूर पत्नी सोनीबाईस वाचून दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मास्तर, पोरगा आपल्या तांड्याचा असता, तं तुमचा क्रम आपोआप सुदरला असता.”

विधान काल्पनिक आहे.

(घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. ती लिहावी कशी याविषयी मतभेद आहेत आणि मतभेदास जागा असलेले लेखन मी करत नाही. म्हणून घरातली बोलणी येथे वऱ्हाडीत उतरवतो. वऱ्हाडी माझी नव्हे, बोलणाऱ्यांची.)

मंगळवार, ३० डिसेंबर

रंजीताचा फोन आला. ती दर मंगळवारी आईला फोन करते, हे मला आज कळले. मंगळवारी सोनीबाई शेजारच्या ललिताबाईंकडे भरतकामास जाते, असा माझा इतकी वर्षे समज होता. भरतकाम पूर्ण झालेले एकदाही पाहण्यात आले नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते. आज ललिताबाई गावाला गेल्यामुळे फोन आमच्या ओट्यावर आला.

विषय असा : रंजीताची मुलगी रेणू तिसरीत आहे. वाशीममध्ये वैजयंती नावाच्या कोणी नाट्यशिक्षिका आहेत. त्यांनी मुलांना आणि महाविद्यालयातील काही तरुणांना घेऊन एक संगीतिका बसवली आहे. (नवीन ‘म्युझिकल’ म्हणतो. शब्द उपलब्ध असता तो न वापरणे हा आळस होय.) ‘टिटू आणि आभाळ’ नावाचा एक कार्टून चित्रपट आहे, त्यावरून ती घेतली आहे. सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावी अशी आहे, असे पत्रकात छापले आहे म्हणे. रेणूचे त्यात काम आहे. तिने हट्ट धरला आहे की आजी-आजोबांनी यावे.

सोनीबाईने फोनचा आवाज मोठा केला. तो चुकून केला असे तिचे म्हणणे.

“याडी, तुमी दोघं या,” रंजीता आईला म्हणत होती. “पण बापूले सांग, तिथं कोणाची चूक काढायची नाही. खेळ होईपर्यंत. येवढं जमलं, तं आमी तिघं होळीले तांड्यावर येतो.”

मी विचारले, “कोणाची म्हणजे कलाकारांची, की प्रेक्षकांचीही?”

मग दहा वर्षांनंतरचे तिचे माझ्याशी पहिले वाक्य ऐकू आले :

“सगळ्याईची, बापू.”

अट निःसंदिग्ध आहे. निःसंदिग्धतेचे मी नेहमीच कौतुक केले आहे. मी होकार दिला.

होळीच्या दिवशी तांड्यातल्या बाया लेंग्या, म्हणजे होळीची गाणी, म्हणत दारोदार फिरतात आणि प्रत्येक घरी लेक आली का, जावई आला का, हे नाव घेऊन विचारतात. आमच्या दाराशी आल्यावर त्यांचा आवाज खाली येतो. सोनीबाई त्या वेळी मागच्या बाजूस शेण सारवत असते. होळीच्या दिवशी कोणी सारवत नाही. पण ती सारवते.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

पूर्वतयारी म्हणून मूळ चित्रपट पाहिला. जे पाहायचे त्याच्या चुका आधीच ठाऊक असल्या, म्हणजे ऐन वेळी तोंड आवरणे सोपे जाते, असा माझा कयास. नवीनने टीव्हीवर लावून दिला आणि “बापू कार्टून पाहून राह्यले,” असे फोनवर कोणालातरी सांगत बाहेर गेला.

कथानक : टिटवी रात्री पाय वर करून निजते, कारण आभाळ पडले तर आपण तोलू, असे तिला वाटते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. चित्रपटातील टिटू ही टिटव्यांची राजकन्या. आभाळाला तडा जातो. ढग तिला न्यायला येतात. ती आईला सोडून आभाळ सावरायला निघते आणि निघताना एक लांब गाणे म्हणते.

दोष : टिटवी झाडावर घरटे करत नाही, ती उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. टिटव्यांत राज्यपद्धती नाही. आभाळास तडा जात नाही. गाण्यात ‘मी जाते’ हे शब्द इतक्या वेळा येतात की, ती एव्हाना पोचायला हवी होती.

सोनीबाई शेवटपर्यंत पाहत बसली. मग तिने एकच विचारले.

“पोरगी येवढी रडूरडू म्हणून राह्यली, तं बाकीच्या बाया कुठं गेल्या?”

“कोणत्या बाया?”

“तिच्या मावश्या, काक्या. कोणीच तिले जवाब नाही देल्ला. मायनं निस्ती मान हालवली. असं कोणी पाठवते का पोरीले?”

मी सांगितले की, चित्रपटातील पात्रांना ढावलो ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्यात मुलगी सासरी निघाली की ती आईच्या, मावशीच्या, काकूच्या गळ्यात पडून रडत रडत गाते आणि जिच्या गळ्यात पडली तिने गाऊनच उत्तर द्यायचे असते. यास ढावलो म्हणतात. लेकीचे गाणे निरुत्तर राहिले तर ते अशुभ मानतात. वृत्तशास्त्राच्या दृष्टीने त्यात मात्रांचा मेळ नाही, यमक क्वचित जुळते.

“रंजीताले सारे पाठ होते,” सोनीबाई म्हणाली. “मीच शिकवले होते. म्हननं राहून गेलं.”

मी म्हणालो, नोंदणी कार्यालयात गाण्याची सोय नसते. ती उठून चुलीकडे गेली.

शुक्रवार, ९ जानेवारी

कामरगावच्या स्टँडवर अश्वजितची भेट झाली. तो वीज कंपनीत आहे, कामासाठी इकडे आला होता. प्रवेशिका देण्यासाठी उभा होता. चहाच्या टपरीमागे, जणू मी त्याला वर्गाबाहेर उभे केले आहे.

“नमस्कार, सर.”

माझ्याशी तो प्रमाण मराठी बोलतो. प्रवेशिका दोन्ही हातांनी दिल्या.

“रेणूचे काम काय आहे?” मी विचारले.

“तिसऱ्या ढगाचे, सर. संवाद नाहीत. तिच्याकडे दोरी आहे.”

“कसली?”

“आभाळाची. पडद्याचे निळे कापड वर टांगलेले असते, त्याची एक दोरी विंगेतून ढगाच्या हातात. शेवटपर्यंत धरून ठेवायची. ती रोज खिडकीच्या गजाला ओढणी बांधून सराव करते.”

“आणि रंजीता?”

“ती विंगेत असते, सर. कपडे, वेषभूषा. आणि कोणी वाक्य विसरले तर सांगायला.”

एवढ्यात नवीन मोटारसायकलवर आला. त्याच्याशी अश्वजित एकदम मोकळा झाला. “काय साळेबुवा, बायकोनं सोडलं का आज?” “तुमच्यासारखं आमाले कोण सोडते भाऊजी!” अशी त्यांची थट्टा सुरू झाली आणि ती पहिली नव्हती. हे दोघे नियमित भेटतात, असे अनुमान निघते. या घरात दहा वर्षे त्यांच्याशी संबंध नव्हता तो, दिसते आहे, फक्त माझाच.

चहाचा आग्रह त्याने केला. मी घेतला. साखर जास्त होती, बोललो नाही. सराव.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. मदनसिंग तिळगूळ घेऊन आला. हा आमच्या तांड्यातला. एका साप्ताहिकाला बातम्या पाठवतो. तासभर बसला आणि त्या अवधीत त्याने एक इतिहासाची, दोन भूगोलाच्या आणि माझ्या स्वतःच्या आयुष्याविषयी एक चूक केली. मी एकही दुरुस्त केली नाही. सायंकाळी पोट दुखले.

सोनीबाईने ओवा दिला. “होळीपरेंत टिकते ना जीव?” म्हणाली.

शनिवार, १७ जानेवारी

सोनीबाईने पेटीतून फेटिया-काचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, काढली आहे; आरशांची, कवड्यांची. मी म्हटले, उद्या नाटक आहे, लग्न नाही. प्रेक्षागृहात साडी पुरे. ती म्हणाली, “नातीचा पह्यला खेळ हाय.” उन्हात फेटिया पसरून ती एकेक आरसा पुसत बसली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेल्यावर थांबली.

मी अट कागदावर लिहून खिशात ठेवली आहे. स्मरणशक्ती उत्तम आहे. प्रश्न स्मरणशक्तीचा नाही.

रविवार, १८ जानेवारी

वाशीमहून परत आलो. प्रयोग पाहिला. अटीचे पालन झाले नाही. उद्या सविस्तर.

सोमवार, १९ जानेवारी

जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण तांड्यात सकाळपासून चार आवृत्त्या फिरत आहेत.

प्रेक्षागृह भरलेले होते. लहान मुले, त्यांच्या आया, चिवड्याचे डबे. आसपासच्या तांड्यांतलीही पुष्कळ मंडळी होती; गाडी करून आलेली. आम्हाला पुढून चौथी रांग मिळाली. नवीन माझ्या उजवीकडे, सोनीबाई डावीकडे, अश्वजित मागच्या रांगेत. मला त्याने पुढे बसवले की स्वतःला मागे, हे ठरवता येत नाही.

पडदा वर गेला. झाड होते आणि झाडावर टिटव्या होत्या. मी बोललो नाही.

वैजयंतीबाई प्रास्ताविकात ‘आपले सर्वांचे मनापासून हार्दिक स्वागत’ म्हणाल्या. मनापासून आणि हार्दिक यांत फरक काय, हा प्रश्न मी गिळला. एका टिटव्याने मागच्या अंकात मेलेल्या घारीस ‘काय गं घारे, कशी आहेस?’ असे विचारले. तेही गिळले. नवीन अधूनमधून माझ्या गुडघ्यावर हात ठेवत होता; वासराला शांत करतात तसा.

मग तीन ढग आले. सरकी काढलेला कापूस पोत्यावर चिकटवून ते केले होते. पहिल्या दोन ढगांना उभे राहता येत नव्हते. तिसरा ढग मात्र हालला नाही. त्याच्या दोन्ही मुठींत दोरी होती, डोळे वर आभाळाकडे होते आणि ओठ रंजीतासारखे आत दाबलेले होते. चवथीच्या परीक्षेस बसताना रंजीता असेच ओठ दाबत असे. ही केवळ निरीक्षणाची नोंद.

टिटूची भूमिका मंजुषा नावाच्या महाविद्यालयीन मुलीने केली. आवाज चांगला. निरोपाचे गाणे सुरू झाले. आईचे काम करणारी मुलगी बाजूस उभी राहून, शिकवल्याप्रमाणे, मान हालवू लागली. मंजुषा पुढे आली, प्रेक्षकांकडे दोन्ही हात पसरले आणि ‘आई, मी जाते’ असे म्हणून, तालीम होती त्याप्रमाणे, थांबली. कीबोर्डही थांबला. येथे टाळ्या अपेक्षित असाव्यात.

टाळ्या आल्या नाहीत. माझ्या डाव्या बाजूने सोनीबाईचा आवाज आला.

ती उभी होती. ओढणीचा पदर तोंडावर ओढलेला, एक हात पुढे केलेला आणि ती ढावलोचे उत्तर देत होती. माझ्या अंगणातली माझी चिमणी, तुझ्या पावलांनी ज्या वाटेला सवय लागली ती वाट मी कोणाला देऊ, अशा अर्थाचे. रंगमंचावरच्या मुलीचे गाणे निरुत्तर राहील, एवढेच तिच्या मनात असावे. हे कापडी झाड आहे आणि ही मुलगी प्रयोग संपल्यावर आपल्या घरीच जाणार आहे, याचे तिला भान राहिले नसावे. वयोमानाने होते.

कीबोर्डवाल्याने सूर शोधला. सापडला नाही. हात मांडीवर ठेवले. मागच्या रांगांतल्या कोणा बायकांनी सोनीबाईच्या मागून ओळ उचलली. लहान मुलांना तो खेळाचाच भाग वाटला. ती वळून पाहू लागली.

वैजयंतीबाई बाजूच्या दाराने धावत आल्या. “आजी, खाली बसा, प्लीज. प्रयोग चालू आहे. आजोबा, तुम्ही सांगा ना यांना!”

नवीनचा हात गुडघ्यावर आला. मी तो बाजूस केला आणि उठलो.

“बाई,” मी म्हणालो, “आपली चूक होत आहे.”

अट येथे मोडली. नेमके स्थळ नोंदवून ठेवतो.

“हे मध्येच थांबवत नाहीत. आपल्या मुलीने हाक दिली, हिने उत्तर दिले. आता मुलीची पाळी आहे. ती पुरी होईपर्यंत कोणी बसत नाही, आणि कोणी बसा म्हणतही नाही.”

माझा आवाज वर्गासाठी घडलेला आहे. तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मंजुषा बिचारी रंगमंचावर तोंड उघडे ठेवून उभी. पाळी तिची होती, पण तिला पुढचे येत नव्हते.

मग उत्तर विंगेतून आले.

प्रथम आवाज आला, मग रंजीता. पदराला सेफ्टी पिनांची माळ लटकलेली, हातात कोणाचातरी पिवळा पंख. ती पायऱ्या उतरून, प्रेक्षकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत आली आणि आईच्या गळ्यात पडली. दोघी गात होत्या. रीतीप्रमाणे मुलगी एकेकाचे नाव घेते : आईचे, भावाचे, घराचे, गोठ्याचे. नवीनचे नाव आले तेव्हा तो मोठा बाप्या माणूस रुमालात तोंड घालून बसला. ती काहीही विसरली नव्हती. मात्रांचा मेळ होता की नाही, हे मी पाहिले नाही.

मग तिने माझे नाव घेतले.

ढावलोत बापाचे नाव आले की बापाने उभे राहून लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. मी वैजयंतीबाईंशी बोलण्यासाठी आधीच उभा राहिलेलो होतो. तेव्हा ‘बापू त्यासाठी उभे राहिले’ असे जे तांड्यात सांगितले जात आहे, ते बरोबर नाही. हात ठेवला, हे बरोबर आहे. हात ठेवल्यावर तो केव्हा उचलायचा, याविषयी रूढीत स्पष्टता नाही.

मागे वळून पाहिले तेव्हा अश्वजित उभा होता. दोन्ही हात जोडलेले. मी त्याला मानेने खूण केली. बस, अशी ती खूण होती. पण तो बसण्याऐवजी पुढे आला आणि आमच्या रांगेत उभा राहिला. मी पुन्हा खूण केली नाही.

याच सुमारास तिसऱ्या ढगाने दोरी सोडली.

आई रडते आहे, एवढेच रेणूला रंगमंचावरून दिसले असावे. ती कापसासकट खाली धावत आली. तिच्यामागे आभाळ पडले; झाड, दोन ढग आणि राजकन्येची आई त्याखाली गेली. कोणालाही इजा झाली नाही.

“मम्मी, काहून रडून राह्यली? कोन बोललं तुले?” रेणूने विचारले आणि मग माझ्याकडे पाहिले. “तुमीच का ते चुका काढनारे आजोबा?”

“होय.”

“मी दोरी सोडली. चूक झाली का?”

“प्रयोगाच्या दृष्टीने, झाली.”

“मंग?”

“मग काही नाही. आभाळ कापडाचे होते.”

तिला ते पटले. तिने नाक माझ्या बाहीला पुसले आणि दोरी पुन्हा धरायला गेली. टाळ्या तेव्हा वाजल्या, बराच वेळ. वैजयंतीबाईही वाजवत होत्या. उरलेला प्रयोग अर्ध्या आभाळाखाली पार पडला.

परतीच्या एसटीत सोनीबाई खिडकीला डोके टेकून होती. मी म्हणालो, “अट मोडली गेली. होळीचे आता कठीण आहे.” तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी मी गणितात नापास झालेल्या निरीक्षकाकडे पाहत असे. तिचा आवाज बसला होता.

बुधवार, २१ जानेवारी

काल मंगळवार. फोन आला नाही.

सोनीबाईचा आवाज अजून बसलेला आहे. ती खुणांनी स्वयंपाक करते आणि प्रसन्न दिसते, हे मला समजत नाही. दहा वर्षे जिची वाट पाहिली ती होळी माझ्या एका वाक्याने हुकली असता प्रसन्नतेस कारण नाही. मी त्या वाक्याचा पुनर्विचार केला. ‘आपली चूक होत आहे.’ रचनेत दोष नाही. आशयातही नाही. प्रसंग पुन्हा आला तर मी तेच म्हणेन आणि अट पुन्हा मोडेल. यातून मार्ग दिसत नाही.

दुपारी नवीनला विचारले की, रंजीताचा फोन नंबर काय.

“काहून, बापू?”

“नोंदीसाठी.”

त्याने लिहून दिला. पाठ झाला आहे. लावला नाही. आधी कोणी बोलायचे, हा क्रम ठरलेला नाही.

शनिवार, २४ जानेवारी

मदनसिंगच्या साप्ताहिकात ‘नाटकात घडले खरे नाटक’ अशा मथळ्याची बातमी. मथळा वगळता प्रत्येक ओळीत एक तरी चूक. मी लाल पेन घेऊन बसलो होतो, तेवढ्यात सोनीबाईने मोबाईल माझ्या कानाला लावला.

“बापू, अट मोडली ना तुमी?” रंजीता.

“मोडली. मान्य आहे.”

“सगळ्याईसमोर.”

“तेही मान्य आहे.”

“वैजयंतीबाई म्हणून राह्यल्या, पुढच्या खेपेले याडीले खेळातच घ्यायचं. न् तुमाले दारावर उभं करायचं, कोनी बसा म्हनू नये म्हनून.” ती हसत होती. मग हसू थांबले. “बापू, त्या बाईनं याडीले बसवलं असतं, तं मी विंगेतून निंगाली नसती. पाय उचलला नसता माह्या. तुमचा आवाज आयकला न् मंग निंगाली.”

मी म्हणालो, “मी केवळ वस्तुस्थिती सांगितली.”

“हो बापू. दहा वर्सं मनातल्या मनात तेवढीच सांगा म्हनत होती मी.”

या वेळी फोन मी ठेवला नाही. शेवटी पलीकडून अश्वजितचा आवाज आला : “सर, होळीला आम्ही तिघे आदल्या दिवशीच येतो. मला लेंगी येत नाही. एखादी शिकवाल का?”

मी सांगितले की, ते माझे क्षेत्र नाही, सोनीबाईकडे यावे. आणि मला ‘सर’ म्हणण्याची आवश्यकता शाळेपुरती होती.

“मग काय म्हणू?”

“नवीन म्हणतो ते.”

रविवार, २५ जानेवारी

मदनसिंगच्या बातमीत आणि तांड्यातल्या तोंडी आवृत्त्यांत जे दिनांक चुकले आहेत, ते येथे दुरुस्त करून ठेवतो. एक प्रत त्याला पाठवली आहे. छापेल अशी आशा नाही.

१. ‘टिटू आणि आभाळ’ या संगीतिकेचा प्रयोग. बातमीत : शनिवार, १७ जानेवारी. योग्य : रविवार, १८ जानेवारी २०२६.

२. माझी सेवानिवृत्ती. बातमीत : २०१२. योग्य : ३१ मे २००९.

३. माझा जन्म. बातमीत : १ जून १९५१. शाळेच्या दाखल्यावरही तेच आहे. हा दिनांक मला पहिलीत घालताना गुरुजींनी दिला. खरा कोणास ठाऊक नाही. तसाच ठेवावा.

४. रंजीता आणि अश्वजित यांचा नोंदणी विवाह. बातमीत : ‘काही वर्षांपूर्वी’. नवीनच्या मते : २०१६. योग्य : सोमवार, ७ डिसेंबर २०१५. दुपारी ऊन होते.

५. रंजीताची पाठवणी. तांड्यात सर्वजण वरचाच दिनांक सांगतात. तो चुकीचा आहे. योग्य : रविवार, १८ जानेवारी २०२६, वाशीम. आई, भाऊ आणि वडील उपस्थित होते.